जामघाट आणि तेहतीस अनारसे

धोंड्याच्या महिन्यात सासरच्या माणसांकडे सायकलने जाऊ नये, हे मला जामघाटाच्या तिसऱ्या वळणावर कळले. तोवर मागे फिरणे पुढे जाण्याइतकेच अवघड होऊन बसले होते.

इंदूरहून महेश्वरला जाण्याचे निमित्त होते 31 मेचे, म्हणजे अहिल्याबाईंच्या जयंतीचे. जाताना राऊ, मानपूर, धामनोद असा आग्रा-मुंबई रस्ता धरला. विंध्य उतरताना ट्रकांच्या मागे ब्रेक दाबून दाबून बोटे बधिर झाली आणि दुपारच्या आत नर्मदेवर पोहोचलो, याहून त्या दिवसाविषयी सांगण्यासारखे काही नाही. परत येताना मात्र मंडलेश्वरवरून जामघाट चढून महूमार्गे यायचे मी ठरवले होते, कारण ट्रकांच्या धुरात चढ चढण्याची माझी तयारी नव्हती. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि महेश्वर दीडशेच्या आसपास, त्यामुळे आदल्या दिवशी फुकट मिळालेला उतार दुसऱ्या दिवशी व्याजासकट फेडायचा होता. म्हणून पहाटे पाचला निघायचे आणि ऊन तापण्याआधी घाट संपवायचा, असा माझा बेत होता.

परंतु अधिक ज्येष्ठ चालू होता. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येणाऱ्या या महिन्यात जावई दारात आला, तर त्याला रिकाम्या हाताने कोण जाऊ देईल? आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या पत्नीच्या मावशी, आणि भाचीचा नवरा हाही जावईच. पहाटे मी बूट घालत असताना त्या म्हणाल्या, “जावईबापू, उपाशीपोटी जाऊ नका, धोंडे होतच आलेत.” ते सव्वानऊला झाले. उशिराचा दोष मी वाटेत मनोमन मावशींना देत राहिलो, पण खरे सांगायचे तर तुपात बुडवलेले चार धोंडे आणि आमरसाच्या दोन वाट्या मी आग्रहाशिवाय संपवल्या होत्या. निघताना दहा वाजले, आणि सायकलच्या मागच्या पिशवीत तांब्याचे ताम्हन, एक दिवा आणि डबाभर तेहतीस अनारसे आले. कैरीच्या पन्ह्याची बाटलीही त्या देत होत्या, पण आणखी वजन नको म्हणून ती मी ओट्यावरच ठेवली. दान नाकारता येत नाही, पन्हे नाकारता येते, एवढाच माझा हिशेब होता.

मंडलेश्वरपर्यंत ठीक चालले. पुढे सपाट रस्ता सरून विंध्याची भिंत समोर उभी राहिली आणि पोटातले पुरण जागे झाले. दोन दिवसांपूर्वी वळवाचा पाऊस पडून गेला होता, त्यामुळे हवा कोरडी राहिली नव्हती. कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो आणि अंग निवते. या दमट हवेत तो नुसता कोपरावरून ठिबकत होता, म्हणजे पाणी तर जात होते आणि गारवा मिळत नव्हता. घाटात सागाचे रान आहे, परंतु साग उन्हाळ्यात पाने टाकतो, त्यामुळे जंगल असूनही सावली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात इकडे सूर्य भर माथ्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास मी खाली पाहिले, तेव्हा सायकलची सावली चाकांखाली अंगठ्याएवढ्या जाड रेघेत गोळा झाली होती आणि हँडलची सावली पुढच्या चाकावरच पडली होती. स्वतःची सावलीसुद्धा सोबत येत नाही, हे मी तोवर फक्त ऐकले होते.

सर्वांत हलक्या गिअरवर सायकल माणसाच्या चालीने जात होती, आणि त्याहून हळू गेली की पुढचे चाक डगमगू लागे. पाऊण लिटरच्या तीन बाटल्यांतली शेवटची तिसऱ्या वळणावर संपली. चौथ्यावर उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी पाय जमिनीवर टेकवला तो सायकलसकट आडवा होऊनच. ताम्हन खणकन वाजले आणि डबा उघडून त्यातले तूप पिशवीतल्या बनियनवर उतरले. अनारसा कढईत पसरला की तो ‘हसला’ असे आपल्याकडे म्हणतात. मावशींचे कढईत न हसलेले अनारसे घाटात मात्र मला हसत असावेत. मीठ हवे होते, पाणी हवे होते, आणि जवळ होते ते गूळ, तूप आणि खसखस.

कठड्यापाशी बकऱ्या चारणारे दोन मुलगे हा प्रकार शांतपणे पाहत होते. त्यांच्याकडे पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन होता, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. मी मागण्याआधीच धाकट्याने कॅन तिरपा धरला. पाणी खरोखर थंड होते. त्याला थोडा गोणपाटाचा वास होता, आणि तसे पाणी मी पुन्हा प्यायलेलो नाही. बदल्यात डबा पुढे केला. मोठ्याने एक अनारसा उचलून खसखशीची बाजू निरखली, वास घेतला आणि अर्धा तोडून भावाला दिला. मग संकोच संपला. त्यांनी सहा खाल्ले, मी दोन. त्यांच्याजवळच्या पुडीतले खडेमीठ त्यांनी मला चिमूटभर दिले, आणि तासाभराने पोटरी सैल झाली.

जाम दरवाजा 1791 मध्ये अहिल्याबाईंनी बांधला. वर पोहोचल्यावर त्याच्या कमानीखाली बसून खाली पसरलेला निमाड पाहावा, अशी इच्छा होती. तिथे मोटारीतून आलेल्या मंडळींनी मला कमानीत उभे करून फोटो काढले आणि सायकल कितीला पडली एवढेच विचारले. मी किंमत निम्मी सांगून सुटका करून घेतली. पुढे महू, राऊ आणि अंधार.

रात्री आठला राजेंद्रनगरात पोहोचलो. पत्नीने डबा उघडून आधी अनारसे मोजले, कारण दानाचे अनारसे मोजूनच देतात. ते पंचवीस निघाले. मावशींना फोन लावून मी सगळे व्यवस्थित पोहोचल्याचे सांगितले, आणि पन्हे फार छान झाले होते असेही बोलून गेलो. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग मावशी म्हणाल्या, “ते तर संध्याकाळी आम्ही प्यायलो.”