चिऊ, तिची कानाची टोपी आणि थीम पार्कचा दुसरा प्रयत्न

पहिल्या वेळी आम्ही थीम पार्कमध्ये एकूण वीस मिनिटं होतो आणि त्यातली बारा गेटबाहेरच गेली. सगळे सांगतात ना लवकर जा, गर्दी कमी असते, म्हणून आम्ही गेट उघडायच्या आधीच जाऊन उभे राहिलो आणि उभे कुठे राहिलो तर बरोब्बर स्पीकरच्या खांबाखाली. उघडायच्या वेळी उलटे आकडे, मग फट्‌ करून रंगीत कागदांचा फवारा आणि त्यावर म्युझिक. माझी मुलगी चिऊ तेव्हा चार वर्षांची होती, तिने दोन्ही कान दाबले आणि माझ्या पोटात डोकं खुपसून जी रडायला लागली ती गाडीत बसेपर्यंत. नवरा म्हणाला जाऊ दे, आपण पुन्हा कधी येणारच नाही. मी पण तेच म्हणाले.

पण वर्षभराने पुन्हा गेलो, सात तास राहिलो, आणि येताना ती दमून झोपली, रडून नाही. या वेळी काय वेगळं केलं ते लिहिते, कारण जायच्या आधी मी असं काहीतरी वाचायला शोधत होते आणि जे मिळायचं त्यात नुसतं "हेडफोन घेऊन जा" एवढंच असायचं.

आधी थोडं चिऊबद्दल. कान तपासून घेतलेत, ऐकू नीट येतं, कानात पाणी वगैरे काही नाही. हे तपासणं आधी कराच, कारण कधीकधी कान दुखत असतो आणि मुलाला ते सांगता येत नाही. हिला आवाज नकोसा होतो तो अचानक आल्यावर. मिक्सर तिने स्वतः बटण दाबून चालू केला तर चालतो, मी केला तर किंचाळते. म्हणजे आवाज तोच, डेसिबल तेवढेच! हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली आणि एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अर्धा तास. घरातली मोठी माणसं म्हणायची सवय लावा, आपोआप जाईल, पण धरून बांधून आवाजात बसवल्याने ती जास्तच बिथरायची. तर या वेळी आमचं सगळं प्लॅनिंग एकाच गोष्टीभोवती होतं, आवाज येणार आहे हे तिला आधी कळलं पाहिजे, आणि शक्य असेल तिथे तो कधी येणार तेही.

इअरमफ, म्हणजे आवाज कमी यावा म्हणून कान झाकायचे, हेडफोनसारखे दिसणारे, आम्ही महिनाभर आधी आणले. तिने त्याचं नाव ठेवलं कानाची टोपी. लहान मुलांचे वेगळे मिळतात, मोठ्यांचे घेऊ नका, ते कानावर नीट बसत नाहीत आणि फट राहिली की आवाज आत येतोच. पाकिटावर किती डेसिबल कमी करतो तो आकडा असतो, पण तो लॅबमधला, प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही. केसांची क्लिप, चष्म्याची दांडी, टोपीची कड, काहीही मध्ये आलं तरी फरक पडतो. आम्ही त्या दिवशी वेणी मुद्दाम खाली, मानेजवळ घातली होती. आणि माझ्या एका मैत्रिणीने तिचे महागाचे नॉईज कॅन्सलिंगवाले देऊ केले होते, ते नाही घेतले, कारण ते विमानाच्या घरघरीसारख्या सलग आवाजाला छान असतात पण अचानक फटाका किंवा किंकाळी आली तर त्यांचा तेवढा उपयोग होत नाही. साधे जाड गादीवाले मफ बरे, चार्जिंगची भानगड नाही. फोमचे बोळे इतक्या लहान मुलांना नकोच, तोंडात गेले म्हणजे.

महिनाभर घरी रोज थोडा वेळ घालायची सवय केली, व्हॅक्युम क्लीनर चालू असताना, हेअर ड्रायर लावताना. दिवसभर मात्र घालू दिले नाहीत, सारखे घातले तर कान शांततेलाच सरावतात आणि साधा आवाजही टोचायला लागतो असं आम्हाला सांगितलं होतं. म्हणून पार्कमध्ये पण नियम तोच, गळ्यात अडकवलेले असायचे, लागले की वर.

दुसरी तयारी म्हणजे फोटोंची वही. पार्कचा नकाशा छापून घेतला, प्रत्येक राईडचे व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवले, मग हळू आवाजात, मग थोडा मोठा. अमेरिकेत सेसमी प्लेस नावाचं एक पार्क 2018 मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांसाठी सोयीचं म्हणून सर्टिफाईड झालं, तसल्या पार्कमध्ये प्रत्येक राईडला आवाज, उजेड, स्पर्श वगैरेचे 1 ते 10 असे आकडे दिलेले असतात. आमच्या पार्कला तसं काही नव्हतं, मग आम्हीच बनवलं, आकड्यांऐवजी कानांची चित्रं. एक कान म्हणजे बोलण्याएवढा आवाज, दोन म्हणजे टोपी हातात ठेव, तीन म्हणजे आधीच घाल. चिऊनेच पेन्सिलने कान काढले, काही कान बटाट्यासारखे झालेत पण असो.

आता प्रत्यक्ष दिवस. मधला वार, सुट्टी नसलेला, आणि गेट उघडल्यावर अर्ध्या तासाने पोचलो. तोवर सुरुवातीचा धुडगूस संपलेला असतो आणि रांगा अजून लागलेल्या नसतात. लवकर जा हा सल्ला देणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, लवकर जा पण पहिले होऊ नका.

आत गेल्यावर आधी राईड नाही, आधी शांत जागा शोधल्या. माहिती केंद्रात विचारलं तर त्यांनी फर्स्ट एडच्या मागची बाळांची खोली दाखवली, आणि एक तळ्याकाठचा कोपरा आम्हीच शोधला. दोन्हीवर वहीत खूण केली. काही ठिकाणी सूर्यफुलांचा हिरवा पट्टा गळ्यात घातला की स्टाफला न सांगता कळतं की या माणसाला थोडी वेगळी मदत लागेल, ते 2016 मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झालं आणि आता बऱ्याच विमानतळांवर चालतं, काही पार्कांमध्येही. जायच्या आधी फोन करून विचारा, रांगेत न थांबता बाहेर थांबून आपली वेळ आली की यायची सोय आहे का तेही विचारा. कारण खरा त्रास राईडचा नसतोच, रांगेचा असतो. रांगेचे बोगदे पत्र्याचे, वर छत, आत पन्नास मुलं, आवाज भिंतींवरून परत परत येतो. आम्ही असं करायचो की नवरा रांगेत, मी आणि चिऊ बाहेर मोकळ्यावर, तो पुढे पोचला की फोन करायचा. मागच्या लोकांना आधीच सांगून ठेवायचा बिचारा, एक बाई कुरकुरल्या, बाकी सगळे ठीक होते.

पहिली राईड छोटी आगगाडी. दिसायला गोजिरी पण शिट्टी भयंकर. मी ड्रायव्हर काकांना विचारलं शिट्टी कुठे कुठे वाजवता, ते म्हणाले स्टेशन सोडताना एकदा आणि बोगद्याच्या आधी पिवळ्या खांबापाशी दोनदा. बस. चिऊला पिवळा खांब दाखवला. पहिल्या फेरीत तिने टोपी घट्ट धरून ठेवली, दुसऱ्या फेरीत खांब दिसला की स्वतःच "आता!" म्हणून ओरडायला लागली, आणि काकांनी पण मागे बघून मान हलवून मग वाजवली. आम्ही चार फेऱ्या मारल्या. माझे कान गेले पण तिचा एकही अश्रू नाही.

मग टॉयलेट. हे कोणी लिहितच नाही आणि आमचे निम्मे प्रॉब्लेम तिथेच होतात. हात वाळवायची मशीन! कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने सार्वजनिक टॉयलेटमधल्या या मशीनचे आवाज मुलांच्या उंचीवर मोजले होते, 2019 मध्ये तिचा पेपर मुलांच्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आला, काही मशीन 100 डेसिबलच्या वर निघाल्या. मुलांचा कान मशीनच्या तोंडाच्या जवळ असतो, आपल्याला वरून कळत नाही. तर, टॉयलेटच्या दाराबाहेरच टोपी वर, हात पुसायला स्वतःचा रुमाल, आणि आपोआप फ्लश होणाऱ्या कमोडच्या सेन्सरवर चिकटणाऱ्या कागदाची चिठ्ठी लावायची म्हणजे मूल बसलेलं असताना तो मध्येच धो धो करत नाही. निघताना चिऊ स्वतः चिठ्ठी काढते आणि पळते. पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा पर्समध्ये ठेवा, सगळ्या सामानातली सगळ्यात कामाची वस्तू हीच निघाली.

दुपारी मुलांच्या रोलर कोस्टरपाशी गेलो. ती बसणार नव्हती हे आम्हाला माहीत होतं, कारण सुटी वस्तू घेऊन बसू देत नाहीत, म्हणजे टोपी काढावी लागणार. पण तिला बघायचं होतं. कुंपणापासून लांब उभे राहिलो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबल कमी होतो, म्हणून मी आधी लांबून सुरू करते आणि पुढे किती जायचं ते ती ठरवते. डबे वर चढताना ते टक टक टक टक होतं ना, त्याची तिला भीती वाटत होती. मी सांगितलं की डब्याखाली एक खटका असतो, तो रुळाच्या दातांवर पडत पडत जातो, साखळी तुटली तरी डबा मागे येऊ नये म्हणून. म्हणजे तो आवाज डबा धरून ठेवणाऱ्या हाताचा आहे. यावर ती बराच वेळ गप्प. मग दहा पावलं पुढे गेली. मग अजून. शेवटी कुंपणाला नाक लावून उभी, आणि अकरा फेऱ्या बघून झाल्यावर मला म्हणाली, "आई, टकटक थांबली की सगळे ओरडतात. आधी नाही ओरडत." तिला पॅटर्न सापडला होता. पुढच्या फेरीला टकटक थांबायच्या क्षणी तिने टोपी दाबली, किंकाळ्या गेल्या, ब्रेकची फुस्स झाली, टोपी काढली. चाळीस मिनिटं हेच. नवऱ्याचं म्हणणं तिकीट काढून आपण कुंपण बघतोय, पण मला विचाराल तर त्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ तोच.

मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप पण घेतलं होतं, नायॉश या अमेरिकन सरकारी संस्थेचं आयफोनवर फुकट आहे. त्यांचा कामगारांसाठीचा हिशोब असा की 85 डेसिबलमध्ये आठ तास, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 88 ला चार तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. हा मोठ्यांचा हिशोब आहे, मुलांच्या बाबतीत मी त्याच्या बरंच आत राहते. मेरी गो राऊंडपाशी आकडा बघून मीच दचकले, घोडे गोंडस आणि मधल्या बाजाचा आवाज आगगाडीपेक्षा जास्त. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर बसवा, बाजा मध्यभागी असतो. पण आकड्यांच्या फार मागे लागू नका, मी थोडा वेळ लागले आणि चिऊकडे बघायचंच राहिलं.

आणि ते महागात पडलं. साडेतीनच्या सुमाराला इनडोअर शोला गेलो, वहीत दोन कान होते कारण व्हिडिओत तेवढाच आवाज वाटला होता. मागची रांग, दाराजवळची कडेची खुर्ची, सगळं नीट, दारावरच्या माणसाला मोठा आवाज आहे का विचारलं तर नाही नाही म्हणाला. मध्यावर तोफ! तिच्या खुणा मला आधी दिसायला हव्या होत्या, ती बाहीची कड चावायला लागली होती आणि बोलायची थांबली होती, आमच्याकडे रडण्याच्या दहा मिनिटं आधी हेच होतं. उचललं आणि बाहेर. अशा वेळी काही समजावायला जाऊ नका, तेव्हा बोलणं हासुद्धा आवाजच असतो. तळ्याकाठी बसलो, मी पाठीवर तळहात दाबून ठेवला, नवरा थोडा लांब पहाऱ्यावर. पंचवीस मिनिटांनी तिने पाणी मागितलं. मग वही मागितली आणि त्या शोपुढे अजून दोन कान काढले, एकूण चार. वहीत चार कानांचा नियमच नव्हता, तो तिने तिथल्या तिथे केला, चार म्हणजे जायचंच नाही. स्टाफला विचारताना "मोठा आवाज आहे का" असं विचारू नका, त्यांना रोजची सवय असते. "धडाम असं काही होतं का, आणि कधी" असं विचारा.

त्यानंतर फक्त होडी आणि तीच आगगाडी, नवीन काही नाही.

संध्याकाळी आतषबाजी होती, ती आत थांबून बघायचा प्रश्नच नव्हता. आधीच बाहेर पडून पार्किंगच्या पार टोकाला गाडीत बसलो, काचा वर, टोपी कानावर. लांबून बघायचा फायदा असा की उजेड लगेच दिसतो आणि आवाज सेकंदाला साधारण 340 मीटरच्या वेगाने मागून येतो, म्हणजे मध्ये मोजायला वेळ मिळतो. आमच्याकडे दोन आकडे यायचे. आकाशात लाल फुललं, चिऊ म्हणाली एक, दोन, आणि ढुम. हिरवं, एक, दोन, ढुम. थोड्या वेळाने तिने काच बोटभर खाली करायला सांगितली. मग अजून बोटभर. शेवटी एकदम खूप उडाले तेव्हा मोजणं चुकलं, तिने घाईघाईने काच वर केली आणि म्हणाली यांना नीट एक एक उडवता येत नाही का.

घरी पोचल्यावर कळलं की वही लॉकरमध्येच राहिली. फोन करून, पोस्टाने मागवून, ती यायला नऊ दिवस गेले आणि त्या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी वही आली का हा प्रश्न. मफवर नाव आणि फोन नंबर लिहिला होता, वहीवर लिहायचं सुचलंच नव्हतं. तुम्ही लिहा, आणि जायच्या आधी पानांचे फोटो काढून ठेवा.