नाशिकभोवती मुरमाच्या वाटांची फेरी जोडताना: माझा अनुभव

नाशिकमधून सायकल बाहेर काढायची तर पहिले काही किलोमीटर जीव मुठीत धरूनच जावं लागतं. महामार्गाचं सोडाच; त्र्यंबक रस्ता, पेठ रस्ता, दिंडोरी रस्ता, सगळीकडे डंपर आणि पिकअप, त्यात 2027 च्या सिंहस्थाच्या कामांची वाहतूक. शहराला सायकलचं वेड मात्र खरं आहे. 2015 मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्याच भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. पहाटे हेल्मेट घालून निघणारी माणसं आज प्रत्येक रस्त्यावर दिसतात. निघून जायचं कुठे, हा प्रश्न उरतो.

मला डोंगराकडच्या मुरमाच्या वाटा हव्या होत्या आणि त्या सलग हव्या होत्या. घरून निघून घरी परत आणणारी फेरी, आणि डांबर फक्त ओलांडण्यापुरतं. अशी फेरी तयार मिळत नाही. ती तुकड्या-तुकड्याने जोडावी लागते.

मोबाइलवरचा नकाशा या कामात लवकर हात टेकतो. त्याच्या लेखी रस्ता म्हणजे गाडी जाते तो. पाटाची वाट, शिवरस्ता, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाणारी गाडीवाट त्याच्या गावीही नसते. म्हणून मी तीन नकाशे शेजारी मांडून बसायचे. पहिला भारतीय सर्वेक्षण विभागाचा, 1:50,000 प्रमाणाचा. 2017 पासून हे नकाशे नोंदणी केली की मोफत उतरवून घेता येतात. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर 20 मीटरला असतात. एका किलोमीटरच्या वाटेने पाच रेषा ओलांडल्या तर सरासरी दहा टक्के चढ. डांबरावर असा चढ दम काढतो, पण निघतो. सुट्या मुरमावर पायडलवर उभं राहिलं की मागचं चाक जागीच फिरतं, त्यामुळे याहून उभी वाट मी फक्त उतरायला ठेवली, नाहीतर सोडून दिली. दुसरा भूमी अभिलेखचा गाव नकाशा. त्यात दुहेरी तुटक रेष गाडीवाटेची, एकेरी पायवाटेची. तिसरं उपग्रहाचं चित्र, तेही शक्यतो एप्रिल-मे महिन्यातलं. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि चालती वाट फिकट पट्ट्यासारखी उठून दिसते. तिन्हीकडे जी सापडते ती बहुधा अजून शाबूत असते.

शाबूत असते याचा अर्थ कुणीतरी ती वापरतं. या सगळ्या खटाटोपात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपण सायकलवाले ‘गाड्या नसलेला रस्ता’ म्हणतो तेव्हा मनात कुठेतरी ‘कुणाचाच नसलेला रस्ता’ असतो. नाशिकभोवती अशी एकही वाट मला सापडली नाही. शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जायचा रस्ता जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे मागता येतो. रविवारी फिरायला आलेल्या मला तो हक्क नाही. त्यामुळे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

सुरुवात पाटापासून केली. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव असा शहराच्या उत्तरेकडून जातो. पाणी आपोआप वाहत राहावं म्हणून कालवा अगदी नाममात्र उतार ठेवून, टेकड्यांना वळसे घेत नेलेला असतो, त्यामुळे त्याच्या भरावावरची वाट जवळजवळ सपाट मिळते. वर चालताना एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली द्राक्षबागा. वाट जलसंपदा खात्याची, म्हणून पाटकऱ्याला गाठलं. दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावता लावता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, नसेल तेव्हा खुशाल या. पाणी सुटलं की नका येऊ. त्या मोरीपाशी भराव पाझरतो, वरून कोरडा दिसतो पण आतून पोकळ असतो.” मोरी दाखवायला ते स्वतः आले. काठीने टोचून दाखवलं, तर काठी वीतभर आत गेली. असं ज्ञान कुठल्याच नकाशावर नसतं. पाण्याचं आवर्तन कधी सुटणार हे तेव्हापासून मी त्यांनाच फोन करून विचारते.

पाटावरून बागांमधल्या गाडीवाटांवर उतरलं की दुसरं वेळापत्रक सुरू होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टरला ब्लोअर लावून फवारण्या चालतात, आणि त्या वेळी त्या वाटेने जाणं म्हणजे औषध छातीत भरून घेणं. जानेवारी ते एप्रिल माल निघतो. एका बागायतदाराने आम्हाला थांबवलं तेव्हा माझी मैत्रीण थोडी बिचकली. त्यांनी बोलायच्या आधी आम्हाला बागेत नेलं आणि एक घड तळहातावर अलगद धरून दाखवला. मण्यांवर पांढरट झाक होती, बोट लागलं तिथे लगेच पुसली गेली आणि खाली काळसर हिरवा मणी चकाकला. ती झाक शाबूत असेल तरच माल ताजा मानला जातो. वाटेवरची धूळ तिच्यावर बसली की धुताही येत नाही, कारण धुतलं की झाकही जाते. “तुमची सायकल एवढी धूळ नाही उडवत, पण दहा-पंधरा जण आले तर काय करायचं आम्ही?” असा त्यांचा साधा प्रश्न होता. मार्ग त्यांनीच सांगितला. दव असताना या, धूळ बसलेली असते. म्हणून हा पट्टा सकाळी लवकर. मात्र उजाडल्यावरच, कारण आपल्याकडे मळ्यांमधून आणि उसातून बिबट्या असतो, आणि अंधारात हँडलवर वाकून बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही.

गिरणारे गाव ओलांडलं की मळे विरळ होतात आणि डोंगर अंगावर येऊ लागतात. पेठ-हरसूलकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेले मजूर सकाळी गिरणाऱ्यात उभे असतात, त्या गर्दीतून सायकल हातात धरूनच जावं. पुढे धोंडेगावाजवळ काश्यपी धरण, दक्षिणेला बेझ्याच्या बाजूला गौतमी-गोदावरी धरण, आणि पाठीमागे ब्रह्मगिरी-अंजनेरीची रांग. इथली जमीन बदलते आणि त्याबरोबर सायकल चालवणंही. निफाड-दिंडोरीच्या खालच्या पट्ट्यात काळी माती. एक सर पडली तरी टायर आणि फ्रेमच्या मधे ती अशी ठासून बसते की चाक फिरत नाही. पश्चिमेला बेसाल्ट झिजून झालेला मुरूम. त्यातून पाणी निथळून जातं आणि तासाभरात वाट धरण्याजोगी होते. म्हणजे पाऊस जास्त पडतो त्या भागातच पावसाळ्यात सायकल बरी चालते. नवख्या माणसाला हे पटत नाही.

टायर मी 40 मिलिमीटरचे ट्यूबलेस घेतले आणि माझ्या वजनाला हवा 33 पीएसआयच्या आसपास ठेवते. याहून जास्त भरली तर खडीवरून चाक उड्या मारतं, कमी केली तर दगडावर रिम आपटते. बाभळीच्या काट्याचं भोक आतलं सीलंट स्वतःच बुजवतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, म्हणून मार्चपासून वरचेवर तपासावं. सायकलविषयी एवढं पुरे.

धरणांच्या काठाविषयी मात्र सांगितलंच पाहिजे. हिवाळा सरता सरता पाणी मागे हटतं आणि काठाला सपाट, तडकलेली, सायकलसाठी अगदी मोहात पाडणारी जमीन उघडी पडते. त्यावर चाक घालू नये. ती गाळपेर असते. पाणी हटेल तसतसं लोक तिथे पेरत जातात, आणि वरून मोकळी दिसणारी माती नुकती पेरलेलीही असू शकते. तसंच बोरगडच्या डोंगराचं. 2008 मध्ये ते राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. नकाशावर त्याच्या कुशीतून फार देखणी वाट दिसते आणि माझी फेरी तिथून पाच-सहा किलोमीटरने कमी झाली असती. मी ती घेतली नाही, आणि कुणी घेऊ नये असंच मला वाटतं. जे राखून ठेवलंय त्यातून आणखी एक चाकोरी कशाला पाडायची?

सगळे तुकडे जमले तरी मधे डोंगराची एक सोंड आडवी होती. अलीकडे एक पाडा, पलीकडे दुसरा, गाव नकाशावर दुहेरी तुटक रेष, आणि जागेवर नांगरलेलं शेत. पाड्यावर एक आजी वरई पाखडत होत्या. त्यांना विचारलं तर सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, “ती तर बाजाराची वाट. डोक्यावर पाटी घेऊन तिनंच गिरणाऱ्याला जायचो आम्ही. आता जीपगाडी खालून जाती, मग कोण चढतंय?” शेत त्यांच्या पुतण्याचं निघालं. तो आला, बांध दाखवला आणि आमच्याबरोबर खिंडीपर्यंत चढला. वर शेंदूर लावलेला वाघदेव आहे, लाकडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. तिथे सायकल टेकवायची नाही, पायातलं काढून मग पलीकडे जायचं, एवढं त्याने सांगितलं. शेताबद्दलची अटही स्पष्ट होती. पीक काढल्यापासून पहिल्या पावसाची पेरणी होईपर्यंत बांधावरून सायकल हातात धरून जा. पाऊस लागला की बांध भुसभुशीत होतो, माणसाच्या पायानेही ढासळतो, तेव्हा येऊ नका.

फेरी आता पूर्ण होते. कुणी मार्गाची फाइल मागितली की मी आधी कोणत्या महिन्यात जाणार ते विचारते. जुलै-ऑगस्ट असेल तर गिरणाऱ्याच्या पश्चिमेचा मुरमाचा भाग देते, खिंड वगळून, गेलात तसेच परत या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फवारणीमुळे बागांचा पट्टा काढून टाकते आणि पाट ते काश्यपी एवढंच ठेवते, तेही आवर्तन नसेल तर. फेब्रुवारीत अख्खी फेरी देते, चार-सहा जणांपुरती. पाणी गिरणाऱ्यात भरून घ्या, त्यापुढे पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन लांबून पाणी आणावं लागतं, तिथे बाटली भरून मागू नका.