आमची वाटचाल : न उघडलेल्या बॉक्सचा धंदा

इचलकरंजीत आमचं किराणा दुकान होतं. साखरेचं पोतं आलं की बाबा आधी वजन करायचे नाहीत, आधी तोंडाची शिवण बघायचे. कारखान्यातल्या मशीनची शिवण एकसारखी असते आणि मधे कुणी दोरा उसवून चार किलो साखर काढून परत शिवलं असेल तर कितीही सफाईनं शिवू दे, सुई जुन्या भोकातनं जात नाही, कुठंतरी टाका वाकडा पडतोच. मी तेव्हा नववी-दहावीत, मला ते सगळं कंटाळवाणं वाटायचं. आज न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं छोटं दुकान आहे, जुन्या, न उघडलेल्या स्पोर्ट्स कार्डांच्या बॉक्सचं, आणि इथं मी दिवसभर जे करतो ते म्हणजे शिवण बघणंच आहे.

आपल्याकडच्या लोकांना समजावताना मी बिग फन बबलगमपासून सुरुवात करतो. ऐंशीच्या दशकात शाळेत असलेल्यांना आठवेल, गमच्या पाकिटात क्रिकेटरचं चित्र निघायचं, त्यावर रन नाहीतर विकेट लिहिलेल्या असायच्या आणि ते जमवायचं पोरांना वेड होतं. अमेरिकेत हेच बेसबॉलच्या बाबतीत खूप आधीपासून चालू होतं. टॉप्स ही कंपनी मुळात गमवाली, कार्डं गम खपवायला. मेणकागदाचं पाकीट, आत कार्डं आणि गमची गुलाबी पट्टी, अशी ३६ पाकिटं एका बॉक्समध्ये, आणि तो बॉक्स दुकानाच्या काउंटरवर झाकण उघडून ठेवलेला. पोरानं नाणं द्यायचं, पाकीट घ्यायचं, दारातच फाडायचं. म्हणजे ती वस्तू बनलीच होती फाडण्यासाठी. बंद राहिलेला बॉक्स म्हणजे जो विकला गेला नाही, गोदामात मागं पडला, कुणी विसरलं, किंवा दुकान बंद झालं आणि माल तसाच तळघरात गेला. त्यामुळं मला कुणी विचारलं की एवढा पैसा लोक कशाला मोजतात तर मी म्हणतो, अहो, हा बॉक्स आजपर्यंत टिकायलाच नको होता.

मी २००० साली सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलो. ऑफिसातला एक म्हातारा सहकारी दर शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कार्ड शोला जायचा, एकदा मला घेऊन गेला आणि मी १९८७ च्या टॉप्स बेसबॉलचा एक बॉक्स अगदी थोडक्या डॉलरला घेतला. तो काळच असा, की ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की लोक त्याला जंक वॅक्सच म्हणतात (वॅक्स म्हणजे मेण, मेणकागदाच्या पाकिटावरून), आणि आजही ते बॉक्स स्वस्तात मिळतात. मला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण घरी येऊन पहिलं पाकीट उघडलं आणि गमचा तो पावडरीसारखा गोड वास आला, आणि मी दुकानात बरणीजवळ बसलेला दहा वर्षाचा पोरगा झालो, खरंच सांगतो. तिथून लागलं ते लागलंच.

२००६ पासून मी आणि बायकोनं बेसमेंटमधून थोडी खरेदी-विक्री सुरू केली. ती बँकेत होती, हिशोब तिच्याकडे, माल माझ्याकडे. दोन वर्षं बरी गेली आणि मग मी मोठी उडी मारायची ठरवली, १९८६-८७ च्या फ्लीअर बास्केटबॉलचा बॉक्स. ह्या बॉक्सची गोष्ट ह्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. टॉप्सनं १९८१-८२ नंतर बास्केटबॉलची कार्डं बंद केली होती, फ्लीअर ह्या दुसऱ्या कंपनीनं १९८६ ला परत काढली, पाकीट ४० सेंटला, म्हणजे अख्खा बॉक्स १४ डॉलर ४० सेंट, आणि तरी दुकानात माल पडून राहिला. १३२ कार्डांचा सेट, पाकिटात १२ कार्डं आणि एक स्टिकर, ३६ पाकिटांची ४३२ कार्डं होतात, म्हणजे हिशोबानं प्रत्येक बॉक्समध्ये साधारण तीन वेळा ५७ नंबरचं कार्ड निघायला हवं, आणि ५७ नंबर म्हणजे मायकल जॉर्डनचं रूकी कार्ड, रूकी म्हणजे खेळाडूचं अगदी सुरुवातीचं कार्ड. एका शोमध्ये एका विक्रेत्याकडे असा बॉक्स दिसला. आमची आठ महिन्यांची बचत त्यात गेली. बायको म्हणाली होती, अजून एकाला दाखवून घे. मी ऐकलं नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. मी कौतुकानं बॉक्स बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांना जॉर्डन माहीत नाही, बास्केटबॉल माहीत नाही. त्यांनी चष्मा वर केला, एक पाकीट उचललं, मागची घडी बघितली, मग दुसरं, मग तिसरं, आणि सात-आठ पाकिटं टेबलावर पालथी ओळीनं मांडली. म्हणाले, "अरे बाळ, ह्या पुड्या एका हाताच्या नाहीत." मी खाली वाकून बघितलं. पाच पाकिटांची घडी एका रेषेत, मशीननं दाबलेली, आणि तीन पाकिटांवर मेण दोनदा वितळल्याचा चट्टा, जुन्या रेषेच्या किंचित बाजूला नवीन रेष. सुई जुन्या भोकातनं गेली नव्हती.

मेणकागद गरम करून चिकटवलेला असतो, आणि गरम केला की परत सुटतो, सगळी मेख तिथंच आहे. कुणीतरी पाकिटं उघडून, जॉर्डन काढून, साधी कार्डं भरून परत बंद केली होती. आम्ही मग सगळी ३६ पाकिटं उघडली, जॉर्डन एकही नाही. विक्रेत्यानं हात वर केले. त्या रात्री बायको एक शब्द बोलली नाही आणि तेच जास्त लागलं. बाबा मात्र सकाळी चहाला म्हणाले, आता गेलेल्या पैशाची फी समज आणि शिकून घे.

आणि शिकलो. एका जुन्या डीलरनं, माझ्या दुप्पट वयाचा माणूस, दोन वर्षं मला आपल्या टेबलामागं बसवून घेतलं. पाकीट कानाजवळ हलवायचं, गमची पट्टी सुटी झाली असेल तर आत खुळखुळते. गमला टेकून असलेल्या कार्डावर तपकिरी डाग पडतो, मेणाकडच्या कार्डावर मेणाचा ओशट पट्टा येतो, आणि हे दोन्ही जिथल्या तिथं हवेत. सेलो पॅकमधून, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटातून, वरचं कार्ड दिसतं, तिथं भारी खेळाडू दिसला तर आनंद करण्याआधी प्लास्टिकची शिवण बघायची. बॉक्समध्ये कार्डं कुठल्या क्रमानं भरली जायची हे जुन्या लोकांना माहीत असतं, त्यामुळं चार पाकिटं उघडून बाकीच्यातलं ओळखणारे आणि चांगली पाकिटं काढून उरलेला बॉक्स 'न उघडलेला' म्हणून विकणारेही असतात. १९८९ ला अपर डेक ह्या नव्या कंपनीनं फॉइलची पाकिटं आणली, ती उघडली की फाटतातच, कार्डावर होलोग्राम, पहिल्याच नंबरला केन ग्रिफी ज्युनियर. त्यानंतरच्या मालात ही काळजी थोडी कमी झाली, पण त्याआधीच्या प्रत्येक बॉक्सला डोळाच लागतो.

म्हणून आम्ही मोठा बॉक्स इंडियानाच्या बेसबॉल कार्ड एक्सचेंजकडून तपासून घेतल्याशिवाय विकत नाही. ते पाकिटं बघतात आणि बॉक्सला आपलं पारदर्शक रॅप आणि लेबल लावतात. बॉक्स त्यांच्यासमोर सीलबंद केसमधून, म्हणजे कंपनीनं बॉक्स भरून पाठवलेल्या मोठ्या खोक्यातून, निघाला असेल तर लेबलवर तसं लिहितात आणि तेवढ्यानं भाव वाढतो, कारण केसची टेप कुणी कापलेली नाही म्हणजे आतलं सगळं कंपनीनं भरलं तसंच आहे. अर्थात तेही माणसंच. २०२२ मध्ये एका यूट्यूबरनं ३५ लाख डॉलरला घेतलेली पोकेमॉन कार्डांची, त्यांनीच तपासलेली केस उघडली तर आत जी. आय. जो ह्या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं निघाली, आतले बॉक्स न बघता बाहेरच्या खोक्यावर भरवसा ठेवला गेला होता. त्या आठवड्यात आमच्याकडं फोनवर फोन. मी प्रत्येकाला म्हणलं, या, बॉक्स समोर ठेवून बघू.

२०१२ ला मी नोकरी सोडली, पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातून एका आजींचा फोन आला. नवऱ्याचं गोळ्या-बिस्किटांचं आणि पेपरचं दुकान होतं, तो गेला, तळघरात खोकी आहेत. आम्ही दोघं गेलो. तीन बॉक्स निघाले, १९८० टॉप्स बेसबॉल, कोरडी जागा, कोपरेसुद्धा दबलेले नाहीत. ह्या वर्षी रिकी हेंडरसनचं रूकी आहे, पण सेट ७२६ कार्डांचा आणि बॉक्समध्ये ३६ गुणिले १५ म्हणजे ५४० कार्डं, त्यामुळं बॉक्समध्ये हेंडरसन असेलच असं नाही, आणि असलाच तरी मध्यभागी नीट छापलेला, कोपरे धारदार असा सापडणं फार अवघड. हे सगळं मी त्यांना कागदावर मांडून सांगितलं, किती भाव आहे, आम्ही कितीला विकू, आमचा वाटा किती. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण एक पाकीट मला उघडायचंय. मी म्हणलं की मग तो बॉक्स पूर्ण राहणार नाही, भाव पडेल. बायकोनं मला कोपर मारलं. आजींनी स्वयंपाकघराच्या टेबलावर पाकीट उघडलं, गम फिकट पडलेला, बोट लावताच भुगा झाला, कार्डांकडं त्यांनी बघितलंच नाही, कागद नाकाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या. ३५ पाकिटांचा तो बॉक्स आम्ही विकला नाही, आजही दुकानात काचेत आहे.

भावाचं म्हणाल तर मी कुणालाही इथं पैसे गुंतवा असं सांगत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोक घरात बसून माळे साफ करायला लागले आणि एकदम उधाण आलं, पीएसए १० दर्जाचं (पीएसए ही कार्डांना दर्जा देणारी कंपनी, १० हा सगळ्यात वरचा) तेच जॉर्डन रूकी २०२१ च्या सुरुवातीला ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं, आणि पुढच्या वर्षी साधारण दोन लाखाच्या घरात आलं. लग्नाचे पैसे घालायला आलेल्या दोन पोरांना आम्ही दारातून परत पाठवलंय. बंद बॉक्सची गंमत वेगळी आहे, त्यातली कार्डं चांगलीही असतील, थोडी बाजूला सरकून छापलेलीही असतील, आणि दर वर्षी कुणी ना कुणी उघडतो म्हणून संख्या कमीच होत जाते, वाढू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात रेजायनाच्या एका घरात सापडलेली १९७९-८० च्या, ओ-पी-ची ह्या तिथल्या कंपनीच्या आइस हॉकी कार्डांची केस ३७ लाख २० हजार डॉलरला गेली. १६ बॉक्स, दहा हजाराच्या वर कार्डं, आणि त्यात वेन ग्रेट्झ्की ह्या आइस हॉकीतल्या दिग्गजाची रूकी पंचवीस-एक असावीत असा हिशोब. असावीत! कुणी बघितलेली नाहीत.

आणि आमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात १९५२ च्या टॉप्स बेसबॉलची न खपलेली खोकी आहेत. टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६० च्या सुमारास गोदाम मोकळं करायला बार्जवरून ती अटलांटिकमध्ये टाकून दिली. त्याच १९५२ च्या सेटमधलं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ ला १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. उन्हाळ्यात किनाऱ्यावर गेलो की मला ते हटकून आठवतं आणि मुलगी म्हणते, बाबा, परत नका सांगू.

२०१५ पासून दुकान आहे, मी, बायको आणि शनिवार-रविवार कॉलेजमधून येणारी मुलगी, एवढाच स्टाफ. बॉक्स आला की पाकिटं पालथी ओळीनं मांडायची, हे तिला मी नाही शिकवलं, तिच्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर शिकवलं. बाबा २०१९ ला गेले.

ह्या वर्षी आमच्या हातात पहिल्यांदा अख्खी सीलबंद केस आली, १९८४ ची टॉप्स फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल), म्हणजे जॉन एलवे आणि डॅन मरीनो दोघांची रूकी ज्या सेटमध्ये आहेत ती. टेप मूळची, गोंद पिवळा पडलाय पण कुठं सुटलेला नाही. मी म्हणतो केस तपासणाऱ्यांसमोर कापून बॉक्स वेगवेगळे विकू, म्हणजे साध्या माणसालाही एखादा घेता येईल. बायको म्हणते अशी केस परत आयुष्यात येणार नाही, अख्खी ठेवू. मुलगी आईच्या बाजूनं आहे. दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलंय.