ॲटॅकच्या नॉबपाशी अडकलेले तीन आठवडे

गिटारचे मोठे आवाज दाबून सगळे सूर एका पातळीजवळ आणणारे कॉम्प्रेसर पेडल घेतल्याला वर्ष उलटून गेले, तरी त्याच्यासोबत आलेल्या माहितीपत्रकाचा माझा राग अजून शमलेला नाही. पेडलवर चार नॉब होते आणि पत्रकात प्रत्येकाच्या वाट्याला एकच ओळ आली होती. ॲटॅकच्या नॉबबद्दल एवढेच लिहिले होते की त्याने पिकचा (तार छेडण्याच्या छोट्या पातीचा) आघात कमी-जास्त करता येतो. कोणत्या बाजूला फिरवल्यावर तो कमी होतो आणि कोणत्या बाजूला जास्त, याचा उल्लेख कुठेही नव्हता.

मला हवे होते ते फार अवघड नव्हते. क्लीन टोनवर, म्हणजे स्वच्छ, न फाटलेल्या आवाजात, संथ आर्पेजिओ (कॉर्डमधले सूर एकामागून एक) वाजवताना डी तारेवरचा सूर दबून जाई आणि बी तारेवरचा अंगावर येई. ते दोन्ही एका पातळीवर यावेत आणि सूर थोडा अधिक रेंगाळावा, इतकीच अपेक्षा होती. पेडल जोडले, सस्टेनचा, म्हणजे आवाज किती दाबायचा ते ठरवणारा, नॉब मध्यावर ठेवला आणि सूर खरोखरच एका पातळीवर आले. मात्र वाजवण्यातला जीवही त्याबरोबर निघून गेला. तारांवर ओला रुमाल पसरून वाजवावे तसे ऐकू येऊ लागले. पिक तारेला लागल्यावर जो टणकपणा ऐकू यायला हवा, तोच नाहीसा झाला होता.

आघात वाढवायचा म्हणून मी ॲटॅकचा नॉब उजवीकडे फिरवला, तर सूर आणखी बोथट झाला. म्हणून तो आणखी उजवीकडे नेला. मग तारा जुन्या झाल्या असतील असे वाटून त्या बदलल्या, पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाची) उंची स्क्रू फिरवून वर-खाली केली, ॲम्पचा ट्रेबल वाढवला. तीन आठवडे असेच गेले आणि पेडल परत करण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

शेवटी एका संध्याकाळी इतर सगळे नॉब जागच्या जागी ठेवून मी मोकळी ए तार शक्यतो सारख्याच जोराने दहा वेळा छेडली, नॉब दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा दहा वेळा छेडली आणि दोन्ही रेकॉर्ड करून त्यांच्या आवाजाच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडच्या टोकाला प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक उंच टोक होते आणि त्यानंतर आवाज सपाट होत होता. उजवीकडच्या टोकाला ते टोक जवळजवळ कापलेच गेले होते. तेव्हा उलगडा झाला. ॲटॅक म्हणजे आघाताचा जोर नव्हे. आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यानंतर कॉम्प्रेसर त्याला दाबायला किती वेळ घेतो, तो वेळ म्हणजे ॲटॅक. हा वेळ दोन-चार मिलिसेकंदांचा असेल तर पिकचा आघातही दाबला जातो. वीस-तीस मिलिसेकंद असेल तर आघात निसटून पुढे जातो आणि मागचा सूर तेवढा आवरला जातो. माझ्या पेडलवर उजवीकडे फिरवणे म्हणजे वेळ कमी करणे होते. काही पेडलांवर हीच दिशा नेमकी उलट असते, म्हणून नॉबवरच्या शब्दावर विश्वास न ठेवता एका तारेची ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याहूनही आधी करायची गोष्ट मला उशिरा सुचली, ती म्हणजे पेडल चालू आणि बंद असताना आवाज सारखाच येईल असा लेव्हलचा नॉब लावणे. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे ही बरोबरी साधल्याशिवाय केलेली तुलना निरर्थक असते.

ॲटॅक मार्गी लागल्यावर बाकीचे तासाभरात जमले. रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज पुन्हा मोकळा सोडायला लागणारा वेळ, फार लांब ठेवला तर एका जोरदार कॉर्डनंतरचा हलका सूर दबलेलाच राहतो आणि फार आखूड ठेवला तर आवाज धापा टाकल्यासारखा वर-खाली होतो. मी तो आर्पेजिओच्या गतीप्रमाणे कानाने लावला. ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारे पेडल) वापरत असाल तर कॉम्प्रेसर त्याच्या आधी जोडा. ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाज दाबतो, त्यामुळे नंतर जोडलेल्या कॉम्प्रेसरला आवरण्यासारखे फारसे उरत नाही आणि खरखर मात्र वर येते. खरखर आधी जोडूनही थोडी वाढतेच, कारण मोठे आवाज दाबून एकूण पातळी उचलली की शांत क्षणांतला गुणगुणाटही उचलला जातो. वाजवता वाजवता मध्ये थांबल्यावर तो खटकू लागला, तर सस्टेन जास्त झाला आहे असे समजावे.

सिंगल कॉइलवर (एकाच गुंडाळीच्या पिकअपवर) बसवलेले हे सगळे हंबकरच्या (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपच्या) गिटारवर बिघडते, कारण हंबकरचा सिग्नल सहसा जोरदार असतो आणि तेवढ्याच सस्टेनवर तो कितीतरी अधिक दाबला जातो. म्हणून माझ्या पेडलवर आता प्रत्येक नॉबच्या कडेला दोन रंगांच्या बारीक खुणा आहेत, एकेका गिटारसाठी एकेक, आणि ॲटॅकच्या नॉबखाली कागदी चिकटपट्टीवर मी स्वतः लिहिले आहे : डावीकडे उशिरा, उजवीकडे लवकर.