रायफल पुढून टेकते, हलते मागून

अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल सिरीज या नेमबाजीच्या स्पर्धामालिकेत बॅरिकेडची, म्हणजे रायफल टेकवून मारायच्या अडथळ्याची, एक ठरलेली परीक्षा असते. 400 यार्डांवर 10 इंची लोखंडी पाटी, बॅरिकेडवरच्या चार जागा, प्रत्येक जागेवरून दोन गोळ्या, वेळ 90 सेकंद. तेवढी लांब मोकळी रेंज आणि मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) रायफल नागपुरात सहज मिळणारी गोष्ट नाही. म्हणून हीच परीक्षा मी 10 मीटरच्या रेंजवर एअर रायफलने बसवली. 4.5 मिमी बोअर आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही.

हिशोब सोपा आहे. 400 यार्डांवरची 10 इंची पाटी 10 मीटरवर आणली तर जेमतेम 7 मिमीची होते. एअर रायफलच्या कागदी टार्गेटवर 9 चं वर्तुळ 5.5 मिमीचं आणि 8 चं 10.5 मिमीचं. म्हणजे पाटी या दोघांच्या मध्ये बसते. पांढऱ्या कागदावर 7 मिमीचा काळा ठिपका काढला की काम झालं. स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, मात्र 10 मीटरवर फोकस होणारा हवा.

रायफल पीसीपीच, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, घ्यावी. स्प्रिंगची रायफल सुटताना आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. ती जशी टेकवाल तसा तिचा छर्रा जागा बदलतो, आणि मग चूक तुमची की टेकूची हे कळतच नाही. शिवाय ती रिकामी चालवायची नसते, पिस्टन आपटतो. स्पर्धेच्या पीसीपीत कोरड्या, म्हणजे छर्रा न भरता करायच्या, सरावाची सोय असते. गच्चीवर हा सराव करू नका, कोरडासुद्धा नाही. रायफल कुणाच्या तरी खिडकीकडे रोखलेली दिसते. मी रेंजवरची शेवटची लेन कोचना विचारून घेतो.

बॅरिकेड म्हणून रंगाऱ्यांची लाकडी घोडी पुरते. लकडगंजात लाकूड घेऊन सुताराकडून करून घेतली. पायऱ्या जमिनीपासून 45, 75, 105 आणि 135 सेंटीमीटरवर. फरशीवर ती सरकते, म्हणून चारही पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले. दोन बाजूंमधली दोरी ताणलेली हवी. ती सैल असली तर रायफल टेकवताच घोडी बोटभर फाकते.

पिशवीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. सुती ताडपत्रीची, 20 बाय 20 बाय 10 सेंटीमीटरची पिशवी बॅगा शिवणाऱ्याकडून दुहेरी शिलाईने शिवून घेतली. पूर्ण भरली तर 4 लिटर मावतात, पण 3 लिटरच भरायचं. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी होते, रायफल तिच्यावर डुगडुगते आणि छातीचे ठोके थेट क्रॉसहेअरवर, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या फुलीवर, दिसतात. फार सैल भरली तर रायफल बुडून खालच्या लाकडाला लागते. वाळूने पिशवी पाच किलोच्या घरात जाते, एका पायरीवरून दुसरीवर नेताना हात भरून येतो. इतवारीतून आणलेली मोहरी दोन किलोंत भागते आणि रायफलच्या आकाराला सुंदर बसते, पण पावसाळ्यात ओल धरते. आता प्लास्टिकचे दाणे भरलेत. मोहरीइतके छान बसत नाहीत, पण बाराही महिने सारखेच राहतात.

पिशवी रायफलच्या तोलाखाली ठेवा. पिशवीवर ठेवून हात सोडला तर रायफल पुढेही कलू नये, मागेही नाही. नळी कशालाही टेकता कामा नये, टेकली की छर्रा भलतीकडे जातो. आणखी एक धोका. स्कोप नळीच्या पाचेक सेंटीमीटर वर असतो, त्यामुळे स्कोपमधून ठिपका स्वच्छ दिसतो आणि नळीसमोर मात्र घोडीचं लाकूड असतं. प्रत्येक जागी नळीचं तोंड लाकडाच्या पुढे आहे ना, हे डोळ्याने बघूनच छर्रा भरावा.

थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून मारायचा रायफलचा प्रकार, शिकलेल्यांचा घोटाळा गुडघ्यावर बसताना होतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने याच प्रकारात कांस्यपदक घेतलं, तेव्हा नीलिंग, म्हणजे गुडघ्यावरची बैठक, आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. उजवा गुडघा जमिनीवर, डावा उभा, डावं कोपर त्यावर, कारण तिथे रायफलचं पुढचं वजन हातावर असतं. बॅरिकेडवर पुढचं वजन पिशवीने घेतलेलं असतं. मोकळा राहतो तो दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग. म्हणून 75 च्या पायरीवर मी डावा गुडघा टेकतो, उजवा उभा करतो आणि उजवं कोपर त्याच्यावर ठेवतो. डावा हात दस्त्याखाली. ठिपक्यावरची वरखाली हालचाल एवढ्यानेच निम्म्यावर आली.

135 ला सरळ उभं राहता येतं, 45 ला मांडी घालून बसावं. खरी अडचण 105 ची. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ती गुडघ्यावर बसायला उंच, उभं राहायला बुटकी. तिथे पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद फाकवतो, कंबर मागे नेतो आणि पिशवी उभी करून 10 सेंटीमीटर मिळवतो. उभी पिशवी डुलते, म्हणून डाव्या हाताने तिची मागची बाजू दाबून धरावी लागते.

क्रॉसहेअर कसं हलतं यावरून चूक ओळखता येते. वरखाली हललं तर दस्ता अधांतरी आहे किंवा श्वास चालू आहे. आडवं हललं तर पाय आणि कंबर रायफलच्या रेषेत नाहीत. अशा वेळी हाताने ओढून ठिपक्यावर आणू नये, पाय सरकवावेत. डोळे मिटून एक श्वास सोडायचा आणि उघडून बघायचं. क्रॉसहेअर बाजूला गेलेलं असेल तर शरीराची ठेवणच चुकली आहे. तिरकं हललं तर उजवी मूठ आवळली जाते आहे. आणि सगळंच एकदम थरथरलं तर तुम्ही घोडीला ढकलता आहात.

एका जागेला 20 सेकंद धरले की चार जागांचे 80 होतात, 10 हाताशी उरतात. एकेक छर्रा भरायच्या रायफलवर एका जागेवरून एकच छर्रा मारावा, नाहीतर सगळा वेळ भरण्यातच जातो. जागा बदलताना बोल्ट (छर्रा भरायचा दांडा) मागे, बोट ट्रिगरबाहेर, नळीचं तोंड टार्गेटकडेच. आधी पिशवी नवीन पायरीवर, मग रायफल, मग गुडघा. गुडघा आधी टेकला तर रायफल आणि पिशवी दोन्ही हातात राहतात आणि पाच सेकंद तिथेच जातात.