चार फुटांचा बाप्पा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गणेश मंडळात वर्गणीच्या आधी वाद व्हायचा तो उंचीचा. शेजारच्या गल्लीपेक्षा आपला बाप्पा फूटभर तरी उंच पाहिजे. मूर्तिकारांच्या चितारओळीतून मूर्ती निघाली की बांबूने विजेच्या तारा उचलणारा पोट्टा वर्षभर कॉलर ताठ करून हिंडायचा. विसर्जन फुटाळा तलावावर. दुसऱ्या दिवशी काठाला सोंडा, हात, मुकुट लागलेले दिसत. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्यात विरघळत नाही हे ठाऊक कोणाला नव्हतं?

खरं सुख महाप्रसादाचं. रस्त्यावर सतरंज्यांच्या रांगा, पळसाच्या पत्रावळी, मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी. वाढणारे काका "घ्या ना वो वहिनी" म्हणत नको म्हणणाऱ्यालाही वाढायचेच. मध्ये काही वर्षं थर्माकोलच्या प्लेटा घुसल्या होत्या. २०१८ च्या बंदीने त्या गेल्या अन् पत्रावळी परत आल्या. पाणी पिंपातून, स्टीलच्या गिलासात. गिलास विसळायला बसलेल्या बायांच्या घोळक्यात साऱ्या वस्तीची खबरबात मिळे. मला तर आरतीपेक्षा तोच कार्यक्रम आवडायचा.

२०२० मध्ये सरकारने सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची मर्यादा घातली, घरच्या मूर्तीला २ फुटांची. आमच्याकडे मातीची छोटी मूर्ती आली. ना डीजे, ना मिरवणूक. आरतीला मास्क लावलेले मोजके कार्यकर्ते, बाकीचे गॅलरीतून टाळ्या वाजवताहेत. विसर्जन मांडवातल्याच टाकीत झालं आणि खाली बसलेली माती काकूंनी कुंड्यांत भरून नेली. निर्माल्य जेमतेम टोपलीभर!

त्या वर्षी तलावांवरचा भार हलका झाला, हे खरं. पण त्याचं श्रेय आमच्या शहाणपणाला देऊ नये. हुकूम होता म्हणून ते झालं. गंमत बघा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्येच पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारे नियम काढले होते. पण कोरोनाने मूर्तिकारांचे हाल केलेले, म्हणून तेच नियम वर्षभर लांबले. साथीने एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

२०२२ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि बाप्पा पुन्हा तारांना टेकला. साथीतली काटकसर गेली, धास्ती तेवढी राहिली. पंगत परतलीच नाही. महाप्रसाद आता प्लास्टिकच्या बंद डब्यात मिळतो, सोबत पाण्याची चिमुकली बाटली. निम्मी पिऊन लोक ती मांडवामागे टाकतात. "हायजिनिक आहे ना," असं म्हटलं की पुढे बोलणंच खुंटतं. चार फुटांच्या बाप्पाच्या वर्षी जेवढा कचरा साऱ्या उत्सवात निघाला नव्हता, तेवढा आता एका जेवणात निघतो.

यंदाच्या सभेत मी पिंप अन् गिलासांचा विषय काढला. अध्यक्षांनी मान डोलावली. मागून एक जण म्हणाला, "सगळं बराबर आहे भाऊ, पन गिलास धुवाले कोन बसते?"

"मी बसतो," म्हटलं, "पन गप्पा माराले कोनी पाह्यजे."


दोन वहिन्यांनी नावं दिली आहेत.