आधी स्टँड, मग विमान

टेबलावरच्या हवाई लढाईच्या गेममध्ये सगळ्यांचं लक्ष मॉडेलवर असतं, रंग कसा झालाय, डिकल (चिन्हांचे स्टिकर) नीट बसलेत का, आणि विमान हवेत धरणारा स्टँड मात्र मिळेल तो. मला हे अजिबात पटत नाही. हवाई लढाईत उंची हेच भांडवल, वरचा सूर मारून वेग कमावतो, खालच्याला वर चढताना वेग घालवावा लागतो, आणि ती उंची डोळ्यांना न दिसता नुसती कागदावर लिहिलेली असेल तर अर्धी मजा तिथेच गेली.

माझे स्टँड येतात सायकलच्या दुकानातून. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो की तिथे चक्कर असतेच. जुना स्पोक २ मिमी जाड, एका टोकाला आयते आटे, त्याचा निप्पल (आट्यांवर बसणारी छोटी नट) बेसमध्ये एम-सीलने पक्का केला की स्पोक फिरवून कधीही काढता येतो, लांब-आखूड बदलता येतो. दुसऱ्या टोकाचं वाकडं डोकं कापायचं आणि तिथे मागच्या चाकाच्या हबमधला पाव इंची छर्रा (बेअरिंगची गोळी) अरल्डाइटने चिकटवायचा, पण आधी दोन्हीकडे पॉलिश पेपर मारा, गुळगुळीत स्टीलवर अरल्डाइट धरत नाही. मग रात्रभर हात लावायचा नाही.

विमानाच्या पोटात, जिथे तोल येतो बरोबर तिथे, छोटं निओडिमियम मॅग्नेट. मधे भोक असलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं, छर्रा त्या भोकात बसतो आणि विमान पाहिजे तसं कलतं. आम्ही २२ नोव्हेंबर १९७१ ची बोयराची लढाई खेळतो, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरची हवाई चकमक, आपली ४ नॅट लढाऊ विमानं विरुद्ध पाकिस्तानी सेबर. १:१४४ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान) नॅट जेमतेम ६ सेंटीमीटर, सेबर ८ च्या आसपास, आणि ते एवढंसं नॅट पंख कलवून सेबरच्या शेपटीवर वरून उतरताना दिसलं ना, की बघणाऱ्यालाही कळतं कोण कोणाला धरणार ते.

आता आपल्या गोव्याचा पावसाळा. खारी हवा, घरात ओल, साधं लोखंड बघता बघता तांबूस पडतं. स्टेनलेसचे वॉशर बेसच्या वजनाला छान (अ‍ॅक्रिलिकच्या दोन षटकोनी तुकड्यांच्या मधे बसवा, दुकानांच्या पाट्या करणारे कापून देतात), पण नेहमीच्या ३०४ ग्रेडला मॅग्नेट धरत नाही, म्हणून छर्रा साध्या बेअरिंगचाच हवा, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावत राहायचं. मॅग्नेटला पारदर्शक नेलपॉलिश. सोल्डरिंगच्या आसपास मॅग्नेट नेऊच नका, ८० डिग्रीच्या वर त्याची ताकद जायला लागते. आणि लहान मुलांपासून खरंच लांब ठेवा, दोन गिळली गेली तर आतडी मधे चिमटून जिवावर बेततं.

उंची दाखवायला स्पोकवर दर ३ सेंटीमीटरला एनॅमलचा पट्टा, त्यावर व्हॉल्व्ह ट्यूबचा (सायकलच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी) तुकडा वर-खाली सरकवायचा. धूर म्हणजे शेवरीचा कापूस, काळ्या स्प्रेचा हलका हात, आतून दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या वेळची उरलेली बारीक तार. विमान किती वळलं ते मोजायच्या पट्ट्यांना जुने एक्स-रे, ब्लीचच्या पाण्यात ठेवले की काळं निघून निळसर पारदर्शक फिल्म उरते, कात्रीने मस्त कापली जाते.

ने-आण करायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, प्लास्टिकचा नको. पोटातल्या मॅग्नेटने विमानं तळाला घट्ट चिकटून बसतात, स्कूटरवरून पणजीपर्यंत नेली तरी एकाचंही शेपूट मोडत नाही.